मागच्या दाराने

आमच्या घरात गेली काही वर्षे दोन संसार चालतात. एक आमचा, पार्ल्यातल्या दोन खोल्यांचा. आणि दुसरा इंग्लंडातल्या लॉर्ड ग्रँथमचा, ज्याच्या खोल्या मोजायला माणूस ठेवावा लागेल. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावून झाले की आमची सौ. 'डाउनटन ॲबी' लावते. थोरल्या मुलीचे लग्न कोणाशी होणार, म्हाताऱ्या आजीबाई आज कोणाला टोमणा मारणार, तळघरातली ती धांदरट डेझी आज कोणाची बोलणी खाणार, याची काळजी तिला आमच्या सोसायटीच्या पाण्यापेक्षा जास्त. मी आपला वर्तमानपत्र पुढे धरून बसतो आणि वरच्या काठावरून पाहतो. पण खरे सांगायचे तर, वर्तमानपत्राचे पान मी तासाभरात एकदाही उलटत नाही, हे तिने केव्हाच ओळखले आहे.

ही मालिका इंग्लंडात 2010 पासून 2015 पर्यंत चालली. कथेचा आरंभ 1912 च्या एप्रिलातला, टायटॅनिक बुडाल्याची बातमी वाड्यावर येते तिथला. आणि शेवट 1925 साल सरता सरता. वाड्यात वरच्या मजल्यावर उमराव, त्यांची बायको, तीन मुली; खाली बटलर, कारभारीणबाई, स्वयंपाकीणबाई, हुजरे, मोलकरणी. वरचे लोक घंटेची दोरी ओढतात, खाली घंटा वाजते आणि कोणीतरी जिना चढू लागते. झाले, एवढ्यावर सगळी मालिका उभी.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात आम्ही मुलीकडे रेडिंगला गेलो. विमानतळावरून घरी येऊन पहिला चहा होतो न होतो तोच सौ. म्हणाली, "वाडा इथून किती लांब गं?" मुलीने हसून तिकिटेच पुढे केली. तिने ती दोन महिने आधी काढून ठेवली होती. आईची भक्ती तिला ठाऊक होती.

वाड्याचे खरे नाव हायक्लिअर कॅसल. मालिकेत तो उत्तरेकडच्या यॉर्कशायर परगण्यात दाखवला आहे. प्रत्यक्षात आहे दक्षिणेला, हँपशायरमध्ये, न्यूबरी गावापासून थोड्या अंतरावर. जावईबापूंनी गाडी वळवली आणि झाडांमधून एकदम तो समोर आला. सौ.ने माझा हात असा काही दाबला की काशीविश्वेश्वराच्या दारातही तिने तो दाबला नव्हता. मऊ पिवळसर दगडाची इमारत, टोकाटोकांचे मनोरे आणि चहूकडे उतरत गेलेली हिरवळ. त्या हिरवळीवर लेबनॉनचे देवदार आपले आडवे हात पसरून उभे. ही बाग अठराव्या शतकात केपेबिलिटी ब्राऊन या नामांकित उद्यानकाराने आखली, आणि वाड्याला आजचे रूप 1842 पासून पुढे सर चार्ल्स बॅरी याने दिले. लंडनची पार्लमेंटची इमारत ज्याने बांधली तोच हा बॅरी. एकदा हे कळले म्हणजे दोन इमारतींतले नाते आपोआप डोळ्यांत भरते. हिला पार्लमेंटची धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. फक्त हिच्यात भांडणे जरा हलक्या आवाजात होत असावीत.

आत गेलो. मधल्या उंच दिवाणखान्याच्या भिंतींना स्पेनमधल्या कॉर्डोव्हाचे नक्षीदार चामडे मढवलेले. जेवणघरात घोड्यावर बसलेला पहिला चार्ल्स राजा, व्हॅन डाइकने रंगवलेला, जेवणाऱ्यांच्या पानांवर लक्ष ठेवून. ग्रंथालयात साडेपाच हजारांहून अधिक पुस्तके. मालिकेत लॉर्ड ग्रँथम इथेच बसून पत्रे वाचतो. सौ. प्रत्येक खोलीत थबकून मला सांगत होती, "अहो, इथे ती रडली होती. इथे त्याने मागणी घातली होती." तिच्याबरोबर आलेल्या चार परक्या बायाही आपापल्या भाषेत आपापल्या नवऱ्यांना तेच सांगत होत्या. नवऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्या क्षणी आमचा एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला.

ओकच्या लाकडाचा मोठा जिना पाहून झाल्यावर सौ. तिथल्या स्वयंसेविका बाईंना म्हणाली, "आता स्वयंपाकघर दाखवा ना." तिला वरच्यांच्या दागिन्यांपेक्षा खालच्यांची भांडी पाहायची होती. ती तांब्याची लखलखीत पातेली, ते लांबलचक जेवणाचे टेबल, भिंतीवरची घंटांची रांग.

बाई हसून म्हणाल्या, "ते इथे नाही. ते लंडनला आहे."

आम्हाला वाटले, ऐकण्यात चूक झाली. पण चूक नव्हती. मालिका घ्यायची ठरली तेव्हा हायक्लिअरचा वरचा भाग होता तसाच उभा होता. जुने स्वयंपाकघर आणि नोकरांची खोली मात्र काळाबरोबर पालटून गेली होती. म्हणून तळघराचा सारा पसारा लंडनच्या ईलिंग स्टुडिओत लाकूड आणि रंग वापरून नवा उभारला. हुजऱ्या ईलिंगमध्ये तबक उचलतो, जिना चढतो, आणि दार ढकलून बाहेर येतो तो पन्नास-साठ मैलांवरच्या हायक्लिअरच्या जेवणघरात! आमच्या सौ.चा चेहरा पडला. माझ्या मात्र मनात ते वाक्य रुतून बसले. मालकांच्या खोल्या शंभर वर्षे टिकल्या; नोकरांच्या खोल्या खोट्या बांधाव्या लागल्या.

वाड्याच्या तळघरात आज आहे ते भलतेच काही. इजिप्त! हायक्लिअरचा पाचवा अर्ल, लॉर्ड कार्नार्व्हन, याच्या पैशावर हॉवर्ड कार्टरने इजिप्तमध्ये खोदकाम चालवले, आणि 1922 च्या नोव्हेंबरात त्यांना तूतनखामेन राजाची कबर सापडली. पुढे पाच महिन्यांत, 5 एप्रिल 1923 रोजी, कैरोत लॉर्ड वारला. गालावर डास चावला, दाढी करताना तिथे वस्तरा लागला आणि जखम चिघळली. लोक त्याला शाप म्हणाले. त्या शोधाचे प्रदर्शन या तळघरात मांडले आहे. प्राचीन इजिप्तच्या लोकांची समजूत अशी की नाव हा माणसाचा एक अवयवच. नाव उच्चारले जाते तोवर मेलेला माणूस जिवंत. नाव खरवडून टाकले की तो दुसऱ्यांदा मेला. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पोरवयाच्या राजाचे नाव त्या अरुंद तळघरात जो तो घेत होता. आणि मला उगीचच वाटले, याच जागेत कोळशाच्या बादल्या नि वाफाळती भांडी घेऊन धावलेल्या मुलींची नावे काय असतील?

बाहेर हिरवळीवर चहा घेताना मी हे बोलून दाखवले. आमची मुलगी इतिहासाची. ती म्हणाली, "बाबा, नावाचंच म्हणाल तर ऐका. मोठ्या घरांत हुजऱ्याला खरं नाव विचारतच नसत पुष्कळदा. तो आला की त्याचा जेम्स नाहीतर जॉन व्हायचा. जुना जेम्स गेला, नवा जेम्स आला. मालकांना नवं नाव पाठ करायचा त्रास नको!"

स्वयंपाकीणबाई आणि कारभारीणबाई कुमारिका असल्या तरी त्यांना 'मिसेस' म्हणायचे. तो मान, पण तो हुद्द्याचा मान, बाईचा नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या आधी विलायतेत बायकांच्या नोकऱ्यांत सर्वांत मोठी नोकरी हीच, घरकामाची. दहा लाखांहून जास्त मुलीबाया तिच्यात होत्या. मग युद्ध आले, दारूगोळ्याचे कारखाने निघाले, पुढे दुकाने आणि कचेऱ्या निघाल्या. तिथे संध्याकाळ स्वतःची असते हे कळल्यावर मुली तळघराकडे परत फिरेनात. वरून करांचा आणि वारसा-कराचा बोजा. माणसे मिळेनात, पैसा पुरेना. कित्येक वाडे विकले गेले, कित्येक पाडले गेले.

मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली. मार्गारेट पॉवेल नावाच्या बाईने 1968 साली आपल्या नोकरीच्या आठवणी छापल्या. ती पोरवयात स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून लागली होती. एकदा बाईसाहेब समोर आल्या म्हणून हिने भाबडेपणाने वर्तमानपत्र हातातून हातात दिले. बाईसाहेब संतापल्या. वस्तू द्यायची ती चांदीच्या तबकातून, हातातून नाही. आपण इतके का हीन, की आपल्या हाताचे काही चालत नाही, हे तिला जन्मभर लागून राहिले. पुढे 1971 साली 'अपस्टेअर्स डाउनस्टेअर्स' नावाची मालिका आली, डाउनटनची थोरली बहीण. ती जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन नट्यांनी कल्पिली. दोघींच्या घरात आईबापांपैकी कोणीतरी अशी चाकरी केलेली. जीन मार्श तर तिच्यात स्वतः मोलकरीण झाली. म्हणजे तळघराची कथा पहिल्यांदा सांगितली ती तळघरातल्यांच्या लेकींनी.

"चांदीचं तबक!" सौ. म्हणाली. "काय ही माणसं!"

मी गप्प राहिलो. मला तबक आठवत नव्हते. मला एक कप आठवत होता.

आमच्या दादरच्या घरी, माझ्या लहानपणी, रामा होता. मुंबईत त्या काळी पांढरपेशांच्या घरोघर रामा असे. कोकणातून आलेला, अर्धी चड्डी नि गंजीफ्रॉक घालणारा, खांद्यावर फडके टाकलेला. आमचा रामा पहाटे पाणी भरी, नारळ खवी, धुणे वाळत घाली, मला शाळेत पोहोचवी आणि रात्री दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये घोंगडी अंथरून निजे. त्याचा कानतुटका कप मोरीच्या खिडकीत उपडा असे. त्या कपातून आम्ही कोणी कधी चहा प्यालो नाही आणि आमच्या कपातून तो. कोणी कोणाला रागावले नाही. तशी वेळच आली नाही. नियम इतका मुरलेला होता.

त्याच्या आधीही एक रामा होता. तो गावी गेला तो परतला नाही, मग हा आला. हाही रामाच. शेजारच्यांचाही रामा, समोरच्यांचाही रामा. खाली रस्त्यावरून कोणी "रामा!" म्हणून हाक मारली की तीन मजल्यांवरून तीन माणसे डोकावत, आणि आम्ही पोरे हसत असू. विलायतेतल्या जेम्सची हकीकत ऐकून मला हसू आले नाही ते यामुळे.

पुढच्या आठवड्यात जावईबापूंनी आम्हाला वेल्सकडे नेले. रेक्सम गावाजवळ अर्डिग नावाचा एक वाडा आहे. तो यॉर्क घराण्याचा. खालून कोळशाची खाण गेल्याने घर खचू लागले, तेव्हा शेवटच्या मालकाने 1973 साली तो नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकला. तिकिटे घेऊन मी सवयीने भव्य पुढचे दार शोधू लागलो, तर पाहुण्यांचा रस्ता भलतीकडेच. आधी सुताराचे दुकान, मग लाकूड चिरायचा खड्डा, लोहाराचा भाता, तबेला, धोबीखाना, पावाची भट्टी, मग स्वयंपाकघर, आणि त्यानंतर कुठे मालकांच्या खोल्या! इथे सगळ्यांना मागच्या दारानेच आत घेतात. सौ.ला हवी होती ती सगळी भांडी इथे होती, घंटांची रांगही होती, आणि यातले काहीही ईलिंगहून आणलेले नव्हते.

पण मला खिळवून ठेवले ते नोकरांच्या खोलीतल्या चित्रांनी. इतर घरांत उमराव आपली, आपल्या घोड्यांची नि कुत्र्यांची चित्रे काढवीत. या घराण्यातल्या एका यॉर्कने 1790 च्या सुमारास आपल्या नोकरांची तैलचित्रे काढवली, आणि प्रत्येकावर स्वतः पद्य रचून चित्रातच लिहवले. त्यांत जेन एब्रेल नावाची सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी आहे. जन्मभर तिने घरातली कोळिष्टके झाडली. हातात केरसुणी, डोक्याला टोपी, आणि चेहऱ्यावर "कशाला माझं चित्र काढताय" असा भाव. पुढे छायाचित्राचा काळ आला तशी 1852 पासून नोकरांची छायाचित्रे. प्रत्येकाने आपापल्या कामाची वस्तू हातात धरलेली, आणि प्रत्येकाचे नाव ठाऊक.

मी भारावून गेलो होतो. मुलीने जमिनीवर आणले. "बाबा, याच घरातल्या बाईसाहेबांनी 1907 साली आपल्या स्वयंपाकीणबाईवर चोरीचा खटला भरला होता. पाचशे पौंडांचा. ती निर्दोष सुटली. पण नोकरी आणि अब्रू गेली ती गेलीच." खरेच आहे. चित्र काढले म्हणून न्याय केला असे होत नाही. पगार तेवढाच, पहाटेचे उठणेही तेवढेच. पण तरीही, दोन-सव्वादोनशे वर्षांनी मुंबईचा एक म्हातारा वेल्समधल्या एका खोलीत उभा राहून "जेन एब्रेल" असे मोठ्याने म्हणतो, हेही काही थोडे नाही. त्या इजिप्तवाल्यांच्या हिशेबाने म्हातारी अजून जिवंत आहे.

त्या रात्री वेल्समधल्या खाणावळीत मला झोप येईना. आमच्या घरीही एक छायाचित्र आहे. माझ्या मुंजीचे, मे 1958 मधले, गच्चीवर काढलेले. मधोमध मी, लंगोटी, दंड आणि घेरा ठेवलेले मुंडके. शेजारी आईवडील, ताई, मामा, काकू, झाडून सगळी वाडी. मागे भिंत कळकट होती म्हणून फोटोग्राफरने पांढरी चादर धरायला सांगितली. तिचे एक टोक दोरीच्या खांबाला बांधले; दुसरे रामाने हात उंच करून धरले. फोटोच्या उजव्या कडेला, चादरीच्या वर, चार बोटे दिसतात. साठ-पासष्ट वर्षे ते छायाचित्र भिंतीवर आहे. मी येणाऱ्याजाणाऱ्याला ओळीने नावे सांगत आलो आहे. बोटांचे नाव कधी सांगितले नाही.

आणि नाव घरात माहीत नव्हते असे नाही! दर महिन्याला वडील त्याच्या मनिऑर्डरचा फॉर्म भरून देत. रामा समोर उकिडवा बसून सांगे, वडील लिहीत, आणि मी त्याच्या अंगठ्याला शाई लावी. पाठवणाऱ्याचे नाव त्या फॉर्मवर असणारच. ते 'रामा' असणार नाही. मी अंगठा पाहिला, शाई पाहिली. अक्षरे पाहिली नाहीत.

सकाळी न राहवून पुण्याला ताईला फोन लावला. ती आता चौऱ्याऐंशीची. "ताई, आपल्या रामाचं नाव काय गं होतं?"

"रामा? अरे, किती वर्षांनी आठवण काढलीस! त्याला सुक्या बांगड्याची आठवण यायची बघ, आपल्या घरी मिळायचा नाही म्हणून रविवारी गिरगावात गावकीच्या खोलीवर जायचा. मृदंग वाजवायचा भजनात. शिमग्याला गावी गेला की येताना माझ्यासाठी आंबोळ्यांचं पीठ आणायचा. मला टायफॉइड झाला तेव्हा रात्र रात्र उशाशी बसला होता रे."

"पण नाव?"

फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ताई हलक्या आवाजात म्हणाली, "रामाच की रे. ... नाही, नाही. थांब. ... नाही आठवत बाळ्या." आणि मग एकदम, "आईनं विचारलं असेल कधीतरी. आता कोणाला विचारायचं?"

ऑगस्टअखेर आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांच्या बाई आल्या. पंधरा वर्षे येतात. सौ. झोपेत असली की त्यांच्या फोनवर मीच बोलतो. तेव्हा फोनच्या पडद्यावर अक्षरे उमटतात, 'पोळ्या'. दुधाचा 'दूध', रद्दीचा 'रद्दी', तशा या 'पोळ्या'. आजवर त्यात काही वावगे वाटले नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि विचारले, "बाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

त्यांचा लाटण्यावरचा हात थांबला. चेहरा गंभीर झाला. "काय झालं काका? पोलिसात द्यायचंय का? आधार कार्ड मागच्या साली दिलंय ना सोसायटीत."

नाव विचारले की पोलीस किंवा आधार, तिसरे कारण त्यांना सुचले नाही. ही कमाई माझी. मी घाईघाईने म्हणालो, "तसं काही नाही हो. सहज. माहीत असावं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग सौ.कडे पाहिले. विलायतेच्या हवेने काकांच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, अशी त्या दोघींची नजरानजर झाली. मग त्यांनी हात पदराला पुसला आणि नाव सांगितले: स्वतःचे, नवऱ्याचे, आडनाव, आणि थोडे थांबून, माहेरचेही. माहेरचे सांगताना जरा हसल्या. मी ते फोनमध्ये घातले, आणि त्यांना वाचून दाखवले. एक वेलांटी चुकली होती, ती त्यांनी दुरुस्त करायला लावली.

ते नाव मी इथे देत नाही. छापू का, असे त्यांना विचारलेले नाही, आणि नाव त्यांचे आहे. दिवाळीला महिन्याचा पगार जास्त द्यायचा, तो आम्ही दरवर्षी देतो. त्यात विशेष काही नाही. यंदा फक्त पाकिटावर नाव लिहिले.

मुंजीचे छायाचित्र अजून तिथेच आहे, भिंतीवर. परवा नातवाने विचारले, "आजोबा, ही कोणाची बोटं?" मी म्हणालो, "ज्यानं चादर धरली होती त्याची." तो म्हणाला, "त्याचं नाव काय?"

खरे तेच सांगितले. विचारायचे राहून गेले, म्हणालो.